लेव्हल पाईपचं दुसरं टोक

माझं डोकं फिरलं ते सोमवारी सकाळी साडेनऊला, आमच्या दारातल्या नळापुढं. त्याआधी ते फार थंड होतं असं न्हाय. पण त्या दिवशी समोर माझाच पोरगा उभा होता, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात लॅपटॉप, आणि तो मला सांगत होता की ह्या नळाला पाणी हाय.

नळ पूर्ण उघडा होता. त्यातून आधी फुस्स करून वारा आला, मग वाराही बंद झाला. खाली हंडा लावला होता, त्याच्या तळाला एक मुंगी फिरत होती.

"संघर्षा, हंड्यात बघ," मी म्हटलं.

"आई, मॉडेलमध्ये इथं नऊ मीटर प्रेशर हाय."

"मग त्या मॉडेलातनं एक तांब्या काढून दे. साहेबांना चहा टाकते."

त्याचा साहेब बाजूला उभा होता. स्वप्निल साहेब, पनवेलच्या ज्या कंपनीनं आमच्या गावची नळपाणी योजना आखली तिथला. तो हसला, आणि मला म्हणाला, "आजी, टाकीतून पाणी सुटतंय, सॉफ्टवेअर सांगतंय की ते इथंपर्यंत पोचतंय. मग मधे जातंय कुठं? तुमच्यापैकीच कुणीतरी लाईन फोडली असणार. लोकांना सवयच असते."

तळपायाची आग मस्तकात गेली. लाईन टाकली तेव्हा आमच्याच माणसांनी चर खणलेत, आणि आम्ही ती फोडली म्हणे. मी संघर्षकडं बघितलं. वाटलं, हा काहीतरी बोलेल. बावीस घरांतला पहिला इंजिनियर, ह्याच्या कॉलेजच्या फीसाठी अख्ख्या वाडीनं वर्गणी काढलेली. तो लॅपटॉपच्या पडद्यावर, पाणी पोचतं असं सांगणाऱ्या हिरव्या टिपक्याकडं बघत राहिला. साहेबाचं मला तेवढं लागलं न्हाय, पोराचं लागलं.

आमची बौद्धवाडी म्हणजे काशीदहून मुरूडला जाताना गावाच्या टोकाला, वर कातळावर. चढायला अठरा पायऱ्या, जांभ्याच्या. खाली गाव, माड, लॉजवाले, मग समुद्र. खालच्या गावात नव्या योजनेचं पाणी धो धो येतं, न्हाय म्हणत न्हाय. आमच्याकडं येत न्हाय. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत एक दिवसाआड टँकर येतो, त्यावर आम्ही जगतो. आणि शुक्रवारी ग्रामसभा होती. योजना पुरी झाली, घरोघर पाणी पोचलं, असा ठराव तिथं व्हायचा होता. ग्रामसेवक स्वतः सांगून गेला की ठराव झाला की टँकर बंद, कारण ज्या गावात कागदावर घरोघर नळ चालू, त्या गावाला टँकर देता येत न्हाय. एप्रिल चालू होता. पावसाला दोन महिने होते.

म्हणजे माझ्याच पोराच्या हिरव्या टिपक्यावर आमचा टँकर जाणार होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

साहेब गाडीकडं गेल्यावर मी संघर्षला धरलं. "तुला खरंच वाटतं आम्ही लाईन फोडली?"

"मला तसं वाटत न्हाय. पण गणित बरोबर हाय आई. टाकी वर हाय, वाडी खाली हाय. मग पाणी यायलाच पाहिजे."

"टाकी वर हाय हे तुला कुणी सांगितलं?"

"आकडे हायेत ना. अठ्ठावन्न मीटर टाकीचा तळ, एकोणपन्नास आपली वाडी."

एवढं बोलून तोही गाडीत बसला. मी दारात उभी राहिले आणि त्या डोंगराकडं बघितलं, जिथं टाकी बांधलीय. आमच्या दारातनं ती दिसत न्हाय, मधे डोंगराची सोंड येते. पण माझ्या डोळ्याला ती कधीच वर वाटली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, अडाणी बाई, डोळ्यानं उंची मोजते. तर ऐका. माझा नवरा रामजी गवंडी. नाव घेते, माझी जीभ झडलेली न्हाय. त्याच्या हाताखाली मी एकतीस वर्षं बिगारी केली. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत किती घरांचे पाये आम्ही काढले त्याची गणती न्हाय. गवंड्याकडं एक लेव्हल पाईप असतो. बोटाएवढा जाड, आरपार दिसणारा, आमचा वीस मीटरचा. त्यात पाणी भरायचं. एक टोक गवंडी धरतो, दुसरं टोक लांब घेऊन बिगारी उभी राहते. दोन्हीकडं पाणी ज्या रेषेवर थांबतं ती एकाच उंचीची. मधे खड्डा असो, भिंत असो, पाण्याला फरक पडत न्हाय. त्या दुसऱ्या टोकाला एकतीस वर्षं मी उभी होते.

त्यात एकच चूक होते, आणि नव्या माणसाकडून ती हमखास होते. पाईप घेऊन चालताना पाणी सांडू नये म्हणून टोकावर अंगठा दाबून धरायचा असतो. जागेवर पोचलं की अंगठा काढायचा. विसरला, तर पाणी हलत न्हाय, आहे तिथंच दिसतं, आणि माणूस त्यालाच लेव्हल समजतो. लग्नाच्या वर्षी मी असं केलं होतं. त्या खोलीचा पाया एका अंगाला चार बोटं उतरला, आणि रामजीनं सगळ्या गवंड्यांपुढं माझी लाज काढली. तेव्हापासून मी अंगठा विसरले न्हाय.

मंगळवारी सकाळी मी माळ्यावरचा पाईप काढला. रामजी ओट्यावर बसला होता. कंबर गेल्यापासून तो तिथंच बसतो आणि जगाला शिकवतो.

"कुठं निघालीस, रखमे?"

"तुमच्या पोराचं गणित तपासायला."

"टाकीपासनं इथपर्यंत? दोन दिवस जातील."

"जाऊ देत. टँकर गेला तर दोन महिने जातील."

तो म्हणाला, "भरल्या टाकीची रेघ धर. तळाची धरशील तर तो म्हणेल तू कमी मोजलंस. आणि पायपात बुडबुडा राहू देऊ नको." त्याचा हा स्वभाव आहे, कौतुक करायचं तर सूचना देऊन करतो.

दुसऱ्या टोकाला माणूस लागणार होतं. रतन, माझी धाकटी जाऊ, चुना आणि ब्रश घेऊन आली. तिनं जन्मात लेव्हल धरली नव्हती. तिला पहिल्यांदा अंगठ्याचं शिकवलं, मग आम्ही टाकीवर गेलो.

टाकीच्या भिंतीला बाहेरून काचेची नळी हाय, आत पाणी किती ते त्यात दिसतं. टाकी काठोकाठ भरलेली. त्या पाण्याशी भिंतीवर चुन्याची रेघ मारली आणि तिला माझं टोक लावलं. रतन वीस मीटर पुढं डोंगराच्या अंगानं गेली, अंगठा काढला, पाणी थांबलं तिथं एका ऐनाच्या झाडावर चुन्याची रेघ मारली. मग मी त्या रेघेपाशी जायचं आणि रतननं पुढं. असं करत करत डोंगराच्या कडेनं वाडीकडं यायचं. वर चढायचं न्हाय, खाली उतरायचं न्हाय, पाणी सांगेल तिथनंच जायचं. कुठं रेघ झाडावर, कुठं दगडावर, कुठं नुसती खुंटी ठोकून तिच्यावर. करवंदीच्या जाळीत रतनची साडी फाटली. तिनं कंपनीला अशा शिव्या दिल्या की मला नव्यानं दोन शिकायला मिळाल्या.

खालून एक लॉजवाला ओरडला, "काय रखमाबाई, समुद्र मोजताय काय?"

"तुझी अक्कल मोजते," मी म्हटलं. "तिला एवढा पाईप लागणार न्हाय."

चेष्टा करणाऱ्यांची काय कमी होती म्हणून सांगू. पण मला राग त्यांचा नव्हता. राग ह्याचा होता की हे काम दोन बायकांना चपला झिजवून करावं लागत होतं, आणि ज्यांनी ते करायचे पैसे घेतले ते गाडीतनं खाली उतरले नव्हते. योजना आखताना एक माणूस टेप घेऊन डोंगरावर आलेला मी बघितला न्हाय. आमच्या डोळ्याआड आमच्या डोंगराची उंची ठरली आणि आम्हाला पत्ता न्हाय.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही सोंडेला वळसा घालून वाडीच्या बाजूला आलो. सत्तर-पंचाहत्तर रेघा झाल्या होत्या. शेवटची मारायला रतन पुढं गेली आणि तिथनंच म्हणाली, "बाय, इथं ये. माझं काहीतरी चुकतंय."

"अंगठा काढलास?"

"काढलाय. तू ये."

मी गेले. पाणी थांबलं होतं ते आमच्या पायऱ्यांशी. सगळ्यात खालच्या पायरीच्या कडेला. वर अठरा पायऱ्या, त्यावर आमची घरं, दारात नळ, आणि टाकीतलं काठोकाठ पाणी पहिल्या पायरीशी येऊन उभं.

मला वाटलं होतं हातभर कमी पडेल. इथं दहा फुटांच्या वर फरक होता. पायपातनं घासून येताना पाण्याचा जोर कमी होतो तो आणखी वेगळा. लाईन कुणी फोडली नव्हती. ह्या नळांना जन्मात पाणी येणार नव्हतं, आणि आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून आमचं पाणी ज्या पायरीशी अडतं तिथंच ते ह्याही वेळी अडलं होतं. मी पायरीवर बसले आणि रडले. रागानं रडले, दुःखानं न्हाय.

गुरुवारी संघर्षला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, चुन्याची रेघ बघितली, आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"आई, असल्या पायपानं दीड किलोमीटरची लेव्हल बरोबर येत न्हाय. चूक साठत जाते."

"किती साठते? बोटभर? दोन हात? दहा फूट साठते?"

तो एकटाच रेघांच्या मागनं चालत टाकीपर्यंत गेला. तासाभरानं परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. ओट्यावर बापाशेजारी बसला आणि म्हणाला, "तिथं झाडं होती."

"कुठं?"

"टाकीच्या जागेवर. टाकी बांधायच्या आधी. आम्ही जमिनीची उंची उपग्रहाच्या नकाशावरनं घेतली. उपग्रह वरनं बघतो. त्याला जमीन दिसत न्हाय, झाडांचे शेंडे दिसतात. त्या रानात पंधरा मीटरची झाडं होती. वाडी उघड्या कातळावर, म्हणून वाडीची उंची बरोबर आली. टाकीची पंधरा मीटर जास्त आली."

"म्हणजे तू टाकी झाडाच्या शेंड्यावर बांधलीस," रामजी म्हणाला.

"सॉफ्टवेअरमध्ये, व्हय."

"आणि तुझ्या सॉफ्टवेअरला कळलं न्हाय?"

"त्याला कसं कळणार, बाबा? आपण आकडा देऊ तो ते खरा धरतं. पाईप कायम भरलेला धरतं. त्यावर सगळं गणित अचूक करतं, दोन दशांशापर्यंत. आकडा कुठनं आणला, हे ते विचारत न्हाय."

"ते विचारत न्हाय, कबूल," मी म्हटलं. "ते यंत्र हाय. पण तू? त्या रानातल्या आंब्यावरनं तू आठवीत असताना पडलास. हात मोडला तुझा. मी तुला पाठीवर घेऊन मुरूडच्या दवाखान्यात नेला. त्या जागी झाड किती उंच होतं हे जगात कुणाला ठाव असेल तर ते तुला."

आठ गावं, दोन आठवडे, सर्व्हेला कंपनीनं दिवस दिले न्हाईत, असं काहीतरी तो पुटपुटला. ते खरंही असेल. पण मला त्या वेळी खऱ्याचीही चीड आली.

मग त्यानं माझ्यापुढं लॅपटॉप उघडला. टाकीपुढचा अठ्ठावन्न खोडला, त्रेचाळीस घातला. आमच्या वाडीचे बावीस टिपके हिरवे होते ते लाल झाले. बावीसच्या बावीस. त्यानं साहेबाला फोन लावला, बोलत बोलत विहाराच्या मागं गेला, बऱ्याच वेळानं आला. "साहेब म्हणाले, उद्या सभेत बघू." न जेवताच निघून गेला. मला वाटलं, झालं. लाल टिपके आता सगळ्यांना दिसतील आणि ठराव थांबेल. मी पण किती भोळी.

शुक्रवारी अकरा वाजता ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा भरली. सरपंच चांगदेव मधे, स्वप्निल साहेब बाजूला, संघर्ष लॅपटॉपपाशी. भिंतीवर गावाचा नकाशा पाडला होता. निळ्या रेघा म्हणजे लाईन, टिपके म्हणजे नळ. मी आमची वाडी शोधली. बावीस टिपके होते. हिरवेगार.

क्षणभर मला वाटलं माझे डोळे बिघडले. ग्रामसेवक ठराव वाचायला लागला तशी मी उठले.

"थांबा. वाडीत पाणी येत न्हाय आणि येणार पण न्हाय. मी लेव्हल काढलीय. टाकीचं पाणी पहिल्या पायरीशी थांबतं. चला, दाखवते."

स्वप्निल साहेब शांतपणे म्हणाला, "आजी, तुमचा तो पाईप घर बांधायला ठीक आहे. हे सॉफ्टवेअर जगभर चालतं."

"जगभर चालतं, मग आमच्या अठरा पायऱ्या का चढत न्हाय?"

मागं लोक हसले. साहेबाचा चेहरा बदलला. "हे डिझाईन कुणी बाहेरच्यानं केलेलं नाही. तुमच्याच मुलानं केलंय. त्यालाच विचारा की."

सगळा हॉल संघर्षकडं बघायला लागला. मीही वळले. माझा राग इतका झाला होता की आवाज चढेना, उलट खाली आला.

"संघर्षा, काल हे लाल होतं. मी बघितलंय. आज हिरवं कुणी केलं?"

खालच्या गावाला ठराव हवाच होता, त्यांना काय, त्यांच्या नळाला पाणी होतं. कुणीतरी म्हणालं, "घ्या आवरतं." सरपंचानं पेन उचललं.

"मी केलं," संघर्ष म्हणाला.

स्वप्निल साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोरानं तो हात काढला न्हाय, पण बोलायचाही थांबला न्हाय. "टाकीचा तळ त्रेचाळीस मीटरवर आहे. काल मी खरा आकडा घातला. आज सकाळी साहेबांच्या सांगण्यावरनं पुन्हा अठ्ठावन्न केला. ठराव होऊ दे, मग बघू, असं ठरलं होतं. आईनं काढलेली लेव्हल बरोबर आहे. चूक माझी आहे."

आणि तिथंच, सगळ्यांपुढं, त्यानं आकडा बदलला. भिंतीवर वाडी लाल झाली. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी एक कानाखाली द्यावीशी वाटली. सकाळी अठ्ठावन्न लिहिताना ह्याला मी आठवले नव्हते काय, हा प्रश्न मी अजून त्याला विचारलेला न्हाय.

ठराव झाला न्हाय. टँकर चालू राहिला. साहेबानं हॉलच्या बाहेर पडताना संघर्षच्या गळ्यातलं कार्ड मागून घेतलं. वाडीतले लोक त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. मी मारली न्हाय. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले न्हाय, ताट वाढलं आणि आत गेले.

पण काम संपलं नव्हतं. वाडीसाठी वेगळा पंप आणि टाकी मागायची तर तालुक्याच्या ऑफिसात मोजमाप द्यायचं, आणि तिथल्या माणसानं त्याच दुपारी सांगितलं की दोन बायकांनी मारलेल्या चुन्याच्या रेघा चालणार न्हाईत, इंजिनियरची सही पाहिजे. मला पुन्हा संताप आला. मग म्हटलं, इंजिनियर घरातच हाय, रिकामा बसलाय.

रविवारी उजाडताच मी त्याला उठवला. लेव्हल पाईप त्याच्या खांद्यावर टाकला आणि टाकीवर नेला. रतन वही घेऊन मागनं आली. मी टाकीच्या रेघेला टोक लावलं आणि त्याला दुसरं टोक घेऊन पुढं पाठवलं, ऐनाच्या झाडापर्यंत. तो जाऊन उभा राहिला, पाईप झाडाला लावला, डोळे बारीक करून बघितलं, आणि तिथनं म्हणाला, "आई, तुझी रेघ चुकलीय. पाणी वीतभर वर दाखवतंय."

मी माझ्या टोकाकडं बघितलं. पाणी हललेलं नव्हतं.

"अंगठा काढ," मी म्हटलं.

त्यानं खाली बघितलं आणि अंगठा काढला. पाणी वर-खाली झालं, डुचमळलं, आणि सावकाश माझ्या चुन्याच्या रेघेवर येऊन थांबलं. तो किती तरी वेळ त्या रेघेकडं बघत उभा होता. मग त्यानं रतनला वहीत लिहायला आकडा सांगितला, फरक शून्य.